सोवळ्यातल्या मुंग्या

माझ्या पायांना मुंग्या आल्या तेव्हा मला वाटलं, मी देवाच्या अगदी जवळ पोचले.

हसा. मीही आता हसते. पण तेव्हा हसले नव्हते. तेव्हा मी मागच्या खोलीत घोंगडीवर मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. दोन्ही तळवे बधिर होत चालले होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, की सुभद्रे, देहभान सुटायला लागलं गं तुझं. लोक त्यासाठी हिमालयात जाऊन बसतात आणि तुला रामनगरच्या अलीकडं घरबसल्या जमलं.

दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. मी कुणाला सांगितलं नाही. साधनेतला अनुभव चारचौघांत सांगितला की तो जातो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मग त्या पोटरीत आल्या. चालताना चप्पल पायातून गळून पडायची आणि मला पत्ता नसायचा. मी म्हटलं, वा! घोंगडीवरून उठताना गुडघे वळेनासे झाले. मी म्हटलं, आसन सिद्ध झालं.

बेळगावच्या मोठ्या इस्पितळात मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाईंनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं तेव्हा पाय हललाच नाही. दुसऱ्यावर ठोकलं. तोही तसाच. बाईंनी वर बघितलं.

"आजी, हे कधीपासून आहे?"

"चार-पाच दिस झालं," मी ऐटीत म्हणाले. "साधना चांगली चाललीया माजी."

त्या तरण्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. तिला हसू आलं होतं आणि ते तिनं माझ्यासाठी गिळलं. मग ती खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आजी, ही साधना नाही. ह्याला जी.बी.एस. म्हणतात. गियाँ बारे सिंड्रोम. मुंग्या पायापासून वर चढतात, मागोमाग ताकद जाते. छातीपर्यंत पोचलं तर श्वासाची ताकदही जाते. आपल्याला ते तिथं पोचायच्या आत गाठायचंय. तुम्ही चार दिवस उशिरा आलात."

आजाराचं कारणही तिनं मला कळेल असं सांगितलं. मला आधी जुलाब झाले होते. शरीरात शिपाई असतात, ते त्या जंतूंशी लढले. जंतू मेले. पण शिपायांच्या डोक्यात काहीतरी घोटाळा झाला. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना ओळखेना. आता ते माझ्याच नसांवरची साल ओरबाडत होते.

"म्हंजे माजंच मला परकं वाटाय लागलं?" मी विचारलं.

"तसंच समजा," बाई म्हणाल्या.

हा आजार माझ्या शरीराला त्या महिन्यात झाला. मनाला तो दोन वर्षांपूर्वीच झालेला होता, ते आता सांगते.

लोकांचं वैराग्य स्मशानात जन्मतं. माझं फणसाच्या झाडाखाली जन्मलं. आमच्या घराचे दोन भाग, एकात मी आणि माझा मुलगा-सून, दुसऱ्यात माझी धाकटी जाऊ शेवंता. मधे सामाईक अंगण आणि अंगणात फणस. मालक वारल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेवंतानं त्यातला सगळ्यात चांगला कापा फणस मला न विचारता आपल्या माहेरच्या पाहुण्यांना देऊन टाकला. झालं. मी बोलणं टाकलं. नेमके त्याच आठवड्यात गावच्या देवळात एक साधू उतरले होते. संध्याकाळी प्रवचनात म्हणाले, "माझं कोणी नाही." मला ते इतकं पटलं की मी तिथूनच उठून घरी आले आणि मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. अक्कल यायला अजून अवकाश होता.

परान्न वर्ज्य केलं. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा नको. माझी कळशी वेगळी, माझा तांब्या वेगळा. सुनेनं मायेनं भाकरी पुढं केली तरी मी हात मागं घ्यायची. नातवंडं खोलीच्या दारात आली की डोळे मिटायची. आणि पैऱ्यातूनही नाव काढून घेतलं. आमच्याकडं भाताची लावणी पैऱ्यानं होते. आज सगळ्या बाया माझ्या वाफ्यात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, नुसती पाळी. मी सांगून टाकलं, मला पैऱ्यात धरू नका. कुणाचं देणं नको, कुणाचं घेणं नको. देण्याघेण्यानंच आत्मा अडकतो.

आत्मा कसला अडकतोय! फणस अडकला होता घशात.

तर अशी मी, एक दिवस सकाळी विहिरीवरून सोवळ्यानं पाणी घेऊन येताना अंगणात बसकण मारली. बसले म्हणजे पायच संपले. कळशी गडगडत गेली. आवाज ऐकून शेवंता धावत आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या अंगाला हात लावला.

"शिवू नगं मला!" मी चिखलात बसल्या बसल्या ओरडले. "सोवळ्यात हाय मी!"

"ऱ्हा की सोवळ्यात," शेवंता म्हणाली आणि माझ्या काखेत हात घातले. "सोवळ्यात ऱ्हा, पर गाडीत बस."

फोनला रेंज नव्हती. रामनगरला जाणारी दुधाची गाडी तिनं रस्त्यात आडवी उभी राहून थांबवली आणि मला कॅनच्या मधे बसवलं. रामनगरच्या डॉक्टरांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "इथं उतरवूच नका. वेळ घालवू नका. थेट बेळगाव." मग लोंढा, खानापूर करत बेळगावपर्यंत शेवंता मला धरून बसली आणि सगळ्या वाटेनं बोलत राहिली. मी तोंड फिरवून बसले होते. तेवढी ताकद मानेत अजून होती.

हे वाचणाऱ्यांना एक हात जोडून सांगते. दोन्ही पायांना एकदम मुंग्या येत असतील, त्या रोज वर चढत असतील, उठता-बसता गुडघे दगा देत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. देव कुठं पळून जात नाही.

तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्ट म्हणजे नसांवर बारीक विजेचे झटके देऊन पलीकडं काही पोचतंय का ते बघतात. माझ्या पायांत काही पोचत नव्हतं. लंबर पंक्चर म्हणजे कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं आणि पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढायचं. लोक त्याला फार भितात. मी सांगते, सुईपेक्षा तसं मुटकुळं करून पडून राहण्याचाच त्रास जास्त. सिस्टरनं माझं डोकं आणि गुडघे धरले होते. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला इतकं घट्ट धरलं होतं.

मग औषध आलं. बाटलीत स्वच्छ, जरा फेसाळ पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. हे माणसांच्या रक्तातून काढतात. एका माणसाच्या नाही, हजारो माणसांच्या. त्यांनी दिलेलं रक्त एकत्र करून त्यातले चांगले शिपाई वेगळे काढतात. ते तुमच्या शरीरात जाऊन तुमच्या बिथरलेल्या शिपायांना शांत करतात."

शेवंता गप्प बसणारी नाही. ती बाटलीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग पुन्हा बाटलीकडं.

"हजारो?" तिनं विचारलं.

"हो, हजारो."

"कोण कोण असत्यात त्यात?"

"कुणीही. बायका, पुरुष. सगळ्या जातीधर्मांचे. रक्त देणारा कुणीही."

शेवंता माझ्या कानाशी वाकली. "अक्का," ती म्हणाली, "माज्या हातचं पाणी न्हाई चालत, आणि हे चाललंय व्हय? आता तुजं सोवळं मी कुठं ठिवू, वलं कपडं घालत्यात त्या दांडीवर?"

मला हसू आलं. पण हसायला गेले आणि ओठांची उजवी बाजू हललीच नाही. चेहऱ्यापर्यंत आलं होतं ते.

बाटली थेंबाथेंबानं माझ्यात उतरत होती. मी त्या थेंबांकडं बघत होते. ह्यातला एखादा थेंब कुणाचा असेल? एखाद्या ट्रक ड्रायव्हरचा? कॉलेजातल्या पोरीचा? ज्याच्या सावलीला मी बाजूला सरकले असते अशा कुणाचा? कुणी दंड पुढं केला, मूठ आवळली, वर चहा-बिस्किट खाल्लं आणि आपल्या वाटेनं गेला. सुभद्रा नावाची एक खडूस म्हातारी जगात आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि माझं शरीर, जे मलाच ओळखत नव्हतं, ते त्या परक्याचं ऐकणार होतं. दोन वर्षं मागच्या खोलीत 'मी कोण' असं विचारत बसले होते, तेव्हा भिंत काही बोलली नव्हती. ती बाटली बोलत होती.

पण औषधाला वेळ लागतो आणि आजाराला घाई असते. डॉक्टर रोज म्हणायचे, एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजा. आकडा रोज खाली यायला लागला. शेवटी मला आय.सी.यू.त नेलं, घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटरवर ठेवलं. व्हेंटिलेटर म्हणजे आपल्या वतीनं श्वास घेणारं यंत्र. पुढं नळी जास्त दिवस लागणार म्हणून गळ्यालाच भोक पाडून तिथून ती घातली. त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. बोलणं बंद. हात-पाय बंद. मान बंद. उरले काय, तर डोळे.

ह्या अवस्थेत माणसाला सगळं कळतं हे कुणाला माहीत नसतं. म्हणून इथं जरा थांबून सांगते. तुमचं माणूस असं पडलेलं असेल तर त्याच्या उशाशी उभं राहून "आता काही खरं न्हाई" असं म्हणू नका. ते ऐकतंय. खाज कुठं येतेय तेही त्याला कळतंय आणि खाजवता येत नाहीये. तुमच्या साडीच्या पदरानं नाकाला गुदगुल्या होतायत, तेही. त्याच्याशी बोला.

हावेरीकडची एक सिस्टर होती. ती अंग पुसताना, कूस बदलताना माझ्याशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. "अज्जी, उसर तगोरी," म्हणजे श्वास घ्या. खरं तर श्वास यंत्र घेत होतं, पण तिच्या म्हणण्यानं तो माझाच आहे असं वाटायचं. तिनंच युक्ती काढली. एकदा डोळे मिटले तर होय, दोनदा मिटले तर नाही.

शेवंताच्या हातात हे हत्यार आल्यावर काय विचारता. भेटायच्या वेळेला एकालाच आत सोडायचे. ती यायची आणि प्रश्नांची सरबत्ती लावायची. "अक्का, तुजी तांबडी कोंबडी खुडूक झालीया, अंडी देईना, विकू काय?" मी दोनदा मिटायची, जोरात. "तुजी चूल मोडून टाकू काय?" दोनदा. "फणस लई लागल्यात अवंदा, देऊ काय माज्या भावाला?" मी डोळे वटारून तसेच उघडे ठेवायची. ती पोट धरून हसायची. "बघा सिस्टर, हाय तशीच हाय ही! काय झालं न्हाई हिला!"

कधी शेवंताऐवजी गावच्या बायाही आत यायच्या. एक दिवस सुतारीण, एक दिवस शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी पार्वती, एक दिवस आमच्या वरच्या आळीची कुणीतरी. बस बदलत यायच्या, माझ्या कपाळावर हात ठेवायच्या, भाताला किती फुटवे आले ते सांगून जायच्या. मला आश्चर्य वाटायचं. ह्यांचं तर मी काही देणं ठेवलं नव्हतं. मग ह्या कशाला येतात?

एकदा डॉक्टरांनी व्हेंटिलेटर काढून बघायचं ठरवलं. थोडा वेळ श्वास आपला आपण घेऊन बघायचा. मी घेतला. एक, दोन, तीन, आणि मग छातीवर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसं झालं. डोळ्यांपुढं काळं आलं, यंत्र किंचाळलं, सगळे धावले आणि मला पुन्हा जोडलं. कुणीतरी म्हणालं, "अजून वेळ आहे." मला मात्र ऐकू आलं, "आता वेळ नाही."

तेव्हा मी ठरवलं. पुरे. मला हे यंत्र नको, ही सुई नको, हे हगणं-मुतणं दुसऱ्याच्या हातात नको. मला माझी साधना येते. मी आत जाईन, ती परत येणार नाही. आणि मी डोळे मिटले.

मी देह नाही. मी मन नाही. माझं कोणी नाही.

तिथं काय होतं ते खरं खरं सांगते, कारण ह्या बाबतीत लोक फार सजवून सांगतात. तिथं प्रकाश नव्हता. शांतीही नव्हती. यंत्राचा फुसफुस आवाज होता आणि त्या आवाजाला घाबरून कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी होती. 'माझं कोणी नाही' हे ती जितकं म्हणत होती तितकी आणखी आक्रसत होती. शेवटी शेवटी तर, नाही म्हणायलाही तिथं कोणी उरतंय की नाही, असं झालं. दोन वर्षं मी जिथं पोचायला धडपडत होते तिथं मी खरंच पोचले होते, आणि तिथं मला एक क्षणही थांबवत नव्हतं. पण परत यायचंही धैर्य होईना.

सिस्टरनं हाका मारल्या. मी डोळे उघडले नाहीत. पापणी वर करून कुणी बॅटरी मारली. डॉक्टरीणबाई आल्या, मेंदूचा फोटो काढावा लागेल असं म्हणाल्या. आवाजात काळजी होती. मी सगळं ऐकत होते.

मग भेटायची वेळ झाली आणि शेवंता आली. सिस्टर तिला दारातच म्हणाली, आज उत्तर देत नाहीत. शेवंताची पावलं माझ्या खाटेपाशी थांबली. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले.

"अक्का," मग ती म्हणाली, "डोळं उघड."

मी नाही उघडले.

"आत हाईस न्हवं? मग भाईर ये. बोलू नगंस. माज्याकडं बघ नुसतं." तिचा आवाज फुटला. "तुज्या खोलीला कडी घातलीया. सकाळी च्या केला की मी तुज्या दारात जाऊन हाक मारते आणि मग आठवतं, तू न्हाईस. दोन वर्सं तू ओ देत न्हवतीस, तरी आत हाईस म्हणून मी हाक मारत हुते. आता कडी बघून माजं मलाच येड्यागत वाटतंय बघ. घरच्या पोरी माजं सगळं ऐकून घेत्यात. भांडायचं कुणासंगं मी? सांग की!"

मी त्या अंधारात बसून ऐकलं, आणि मला एकदम कळलं की ती माझ्यावर उपकार करायला आलेली नाही. ती मागायला आली आहे. तिचं काहीतरी माझ्याजवळ होतं, मी दोन वर्षं ते दडपून बसले होते, आणि माझ्याजवळ ते आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

मी डोळे उघडले.

तिचा चेहरा अगदी जवळ होता. नाक लाल, कुंकू फिसकटलेलं. तिच्या डोळ्यांत मी होते, इवलीशी, नळ्यांसकट. खोटं नाही सांगत, मी मला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी एकदा डोळे मिटले. होय.

"सिस्टर!" शेवंता अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरचा बेशुद्ध माणूसही दचकला असेल.

त्यानंतरचं सगळं सावकाश झालं. हा आजार खालून वर चढतो आणि वरून खाली उतरतो. आधी मान हलली, मग खांदे. यंत्र रोज थोडा थोडा जास्त वेळ काढून ठेवायला लागले. माझ्या श्वासाबरोबर सिस्टर स्वतः मोठ्यानं श्वास घ्यायची आणि तिच्या लयीला माझी छाती धरायची. एकदा ती म्हणाली, "अज्जी, तुमच्यासंगं घेऊन घेऊन माजं डोकं शांत झालं बघा. घरचं टेन्शन गेलं." मी म्हटलं मनात, घ्या, मी इथं मरतेय आणि हिचा प्राणायाम होतोय! पण मला फार बरं वाटलं.

नळी बदलून बोलता येईल अशी बसवली तेव्हा माझा मुलगा, सून, शेवंता, त्या दिवशी सगळ्यांना आत सोडलेलं, सगळे भोवती उभे. पहिला शब्द रामाचा निघणार म्हणून सुनेनं हात जोडलेले. मी म्हटलं, "कोंबडी?"

"विकली न्हाई, माजे बाई," शेवंता म्हणाली.

वॉर्डात आल्यावर पहिली पेज तिनं चमच्यानं भरवली. गळ्याखाली उतरताना इतकी गोड लागली की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी तिला विचारलं, गावच्या बाया का येत होत्या? मी तर पैऱ्यातून बाहेर पडले होते.

शेवंतानं चमचा तसाच धरला. "तू कुठं भाईर पडलीस? दोन वर्सं तुजी पाळी मी घालत हुते की. एक दिस माज्या नावानं, एक दिस तुज्या. तुज्या वाफ्यात तू मजूर लावलेस, म्हणून सगळ्यांकडं तुजे दिस शिल्लक हुते. ते हितं वापरले."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगून? डोळं मिटून बसली असतीस."

मी म्हटलं, पण साधूबाबा म्हणाले होते की माझं कोणी नाही.

"व्हय, म्हणाले. पर तू अर्ध्यात उठून गेलीस. पुढं म्हणाले, 'माझं कोणी नाही, तसं परकंही कोणी नाही.' मी शेवटापातूर हुते."

"एवढा परमार्थ तुला कवापासनं?"

"कसला परमार्थ. प्रसादाला शिरा हुता."

फिजिओथेरपी म्हणजे झोपलेल्या स्नायूंना पुन्हा शिकवणं. त्यात लाजायचं नाही. अंगठा हलवायला मला जेवढा घाम आला तेवढा आयुष्यात भात झोडताना आला नाही. दोघींनी धरून उभं केलं, मग एकीनं, मग चार पायांच्या काठीनं. डावं पाऊल अजून जरा ओढतं. राहू दे. कुणी विचारलं की मी सांगते, ते माझं वैराग्य आहे, तेवढंच उरलंय.

ध्यानाला मी अजून बसते. कुणी म्हणेल, म्हातारीनं सोडलं. नाही सोडलं. आता ओसरीवर बसते. कोंबड्या फिरतात, पोरं अंगावर पडतात, शेवंता भांडी आपटते. डोळे मिटले की आत एकटी म्हातारी सापडत नाही. गर्दी सापडते. त्या गर्दीत कोण मी आणि कोण दुसरं हे मी आता फार निवडत बसत नाही. हजारो माणसं नसांतून फिरतायत, त्यांना आता कुठं वेगळी चूल मांडून देऊ?

पुढल्या वर्षी तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आत तुमचाच आजार झालेली एक बाई आहे. नंदिगड्ड्याच्या बाजूची, तुळशी नाव. चार दिवस झाले, डोळे उघडत नाही. तपासण्या सगळ्या ठीक आहेत. ऐकू येतंय, पण उत्तर देत नाही. येता का जरा?"

मुलगा म्हणाला, बस चुकेल. मी म्हटलं, चुकू दे. बेळगावात लेकीनं यंदा बिऱ्हाड केलंय, तिच्याकडं राहीन.

अंगावर झगा चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि आत गेले. तोच फुसफुस आवाज. माझेच हात कापायला लागले. मी शिकवायला चालले होते खरी, पण तिच्या खाटेशी पोचेपर्यंत मी पुन्हा त्या अंधारातली म्हातारी झाले होते. तुळशी माझ्या लेकीच्या वयाची, कपाळावर गोंदलेलं, डोळे घट्ट मिटलेले. ते मिटणं मी ओळखलं. झोपेतलं मिटणं सैल असतं.

मी तिचा हात धरला आणि बोलायला लागले. मुंग्यांचं सांगितलं, विहिरीचं, चिखलातल्या सोवळ्याचं सांगितलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी गेले. फणसाचं सांगितलं. कोंबडीचं सांगितलं. यंत्र काढून बघितलं आणि जमलं नाही तेव्हा काय वाटतं, तेही सांगितलं. तिचा हात माझ्या हातात जरासुद्धा हलला नाही, पण माझ्या हातांचा कंप तिच्या हातात कुठं जिरला ते मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. मग मी खरं तेच सांगितलं. "बाई, मी तुला धीर द्यायला आले म्हणून सगळे म्हणतात. पण मला इथं लई भ्या वाटतं. तू बघितलंस तर मला जरा बरं वाटंल."

पापण्या हलल्या. तिनं बघितलं.

मी त्या खेपेला लेकीकडं मुक्काम वाढवला. रोज भेटायच्या वेळेला जायची आणि तिला होय-नाही शिकवायची. ती चांगली हट्टी निघाली, दोनदाच जास्त मिटायची. पुढं तिचं यंत्र सुटलं, नळी बदलली आणि सिस्टरनं सांगितलं की आता बोलू शकेल. मी उशाशी माझ्या नातवाच्या बारशाची गोष्ट सांगत होते. तुळशीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला. आवाज वाळल्या पानासारखा होता. ती म्हणाली, "आज्जी, लई बडबडता वो तुमी. उद्या कवा येणार?"